मोटरमनची केबिन

सगळी गाडी झाली होती, मोटरमनची केबिन तेवढी राहिली होती.

टाकेमास्तर डोळ्याला भिंग लावून जेवणाच्या टेबलाशी बसले होते. समोर जुनी, दोन डब्यांची विजेची पॅसेंजर गाडी उभी होती, खरीच्या चाळिसाव्या हिश्श्याएवढी. टपावर वरच्या विजेच्या तारेला टेकणारा, तांब्याच्या तारेचा पँटोग्राफ, वर सरकणाऱ्या काचा, आत हिरव्या रेक्झिनच्या नखाएवढ्या सीटा. एका सीटला कोपऱ्यात ठिगळसुद्धा होतं.

"अहो, पाहुणे आता येतीलच," बायको म्हणाली. "केबिनचं काय?"

"केबिन मी आतून कधी पाहिलेली नाही."

"हळू बोला! भिंतीलाही कान असतात."

लेकीने आपलं लग्न आपणच जमवलं होतं. मुलगा चांगला होता. मागे एकदा दोघांच्या आया बाजारात भेटल्या, तेव्हा मुलाची आई म्हणाली, "आमचे हे मोटरमन होते." झालं. टाकेमास्तरांच्या बायकोने उचलली जीभ लावली टाळ्याला. "अगबाई, आमचेही मोटरमनच!" एवढ्यावर थांबावं की नाही? पण नाही. घरी गाडीचं मॉडेल चाललंय, बघायला या, असं आमंत्रणही देऊन आली.

मास्तरांची सगळी नोकरी कारशेडच्या मागच्या खोलीत, शिलाई मशीनवर गेली होती. फाटलेल्या सीटा सोडवून त्यांच्याकडे यायच्या आणि शिवून परत जायच्या. केबिनच्या दाराला कायम कुलूप. टाकेमास्तर हे नाव शेडमधल्या लोकांनी ठेवलेलं. त्या भेटीपासून घरात ते नाव काढायलाही बंदी होती.

बायको खोटं बोलली याचं त्यांना तितकंसं वाटलं नाही. तिला सुईदोऱ्याची लाज वाटली, ते मात्र लागलं. आणि खरी लाज तर त्यांना स्वतःचीच वाटत होती. कारण ही थाप ऐकल्यावर ते गप्प बसले होते. गप्प कसले, घटकाभर त्यांना बरंच वाटलं होतं.

"खिडकीला आतून काळा कागद लावा," बायको म्हणाली. "झाकली मूठ सव्वा लाखाची."

ती आत गेली तशी मास्तरांनी डबीतून चिमट्याने एक वस्तू उचलली. तिच्यापासून लपवून केलेलं, काळं रंगवलेलं इवलंसं शिलाई मशीन. बाजूला चाक, खाली जाळीचं पायडल. ते त्यांनी केबिनमध्ये मोटरमनच्या सीटसमोर चिकटवलं आणि वर टप ठेवून दिला.

पाहुणे टप उचलतील, हे काय म्हणून विचारतील, मग सांगून टाकायचं. आपणहून तोंड उघडायची हिंमत त्यांच्यात नव्हती. लग्न मोडलं तर लेक पुन्हा तोंड बघणार नाही, हे त्यांना कळत होतं. पण खोट्यावर सोयरीक कशी करायची?

पाहुणे आले, बायकोला घेऊन. मुलाचे वडील उंच, किडकिडीत, शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं. कपाळावर घाम. चहा झाला तरी त्यांची मान काही सैल होईना. हा माणूस आपली परीक्षाच घ्यायला आलाय, असं मास्तरांना वाटलं. बोलायचं काम पाहुण्यांच्या बायकोकडे होतं.

"आमच्या ह्यांची गाडी कधी म्हणून लेट नाही!"

"आमच्या ह्यांची तर वेळेआधीच पोचायची," मास्तरांची बायको म्हणाली.

मास्तरांनी रिकाम्याच कपात तोंड घातलं.

पाहुणे उठून मॉडेलजवळ गेले. गाडीच्या आधी त्यांनी प्लॅटफॉर्म पाहिला. तारेची आणि मातीची माणसं होती. त्यातल्या एकाने एका हाताच्या बोटांत चार कप अडकवले होते.

"हा कोण?"

"कँटीनवाला. चार-चार कप एका हातात आणायचा, थेंब म्हणून सांडत नसे."

"याला नाक-डोळे नाहीत ते?"

"बाकीच्यांना आहेत." मास्तर ओशाळले. "रोज त्याच्या हातचा चहा घ्यायचो हो, पण मान वर करून कधी बघितलंच नाही. त्यालाही माझी टाळूच दिसली असेल. कप तेवढे आठवतात."

पाहुण्यांनी रुमालाने कपाळ पुसलं.

"अहो, केबिन बघा ना!" त्यांची बायको म्हणाली. "तुमचीच जागा ती!"

"नको नको, डिंक ओला असेल," मास्तरांची बायको घाईघाईने म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

"वाळलाय," मास्तर म्हणाले. "उघडा तुम्ही."

पाहुण्यांनी टप उचलला आणि ते खाली वाकले. बराच वेळ वाकूनच राहिले. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. 'ते माझं आहे' हे शब्द अगदी ओठांवर आले.

"हुबेहूब!" पाहुणे म्हणाले. आवाज जरा मोठाच लागला होता. "हेच ते चाक. फिरवलं की गाडी सुटायची. आणि हे पायाखालचं पायडल, दाबलं की ब्रेक. उभी हयात गेली यावर माझी. काय हो?"

ते मास्तरांच्या तोंडाकडे पाहत होते, निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखे.

"हो," मास्तर म्हणाले. "तेच ते."

मास्तरांच्या बायकोच्या जिवात जीव आला. ती लगबगीने उठली. "बसा तुम्ही, मी कप उचलते."

"राहू द्या हो, मी नेतो ना," पाहुणे सुटल्यासारखे म्हणाले, आणि बोलता बोलता चारही कप एका हाताच्या बोटांत अडकवून, एकावर एक न वाजू देता, स्वयंपाकघराकडे निघाले.