आल्सीदची खुर्ची

वादळानंतर आमच्या गल्लीत ज्याने त्याने आपलं घर रस्त्यावर काढलं. लाकडं एकीकडे, गाद्या-गालिचे दुसरीकडे, चिकटपट्टी गुंडाळून बंद केलेले फ्रिज तिसरीकडे. ढीग मिसळला की कचरा उचलणारे ट्रकवाले हात लावत नाहीत, म्हणून मीही नीट वेगवेगळं रचलं. गंबोचा घट्ट रस्सा शिजवायचं मोठं पातेलंसुद्धा टाकलं. आता कुणासाठी रांधायचं?

शेवटी माझ्या नवऱ्याची, आल्सीदची आरामखुर्ची ओढत आणली. पाणी चढलं तेव्हा तो तिच्यातच बसून होता. "तू चढ माळ्यावर, मी आलोच," म्हणाला. आला नाही.

ट्रक रोज यायचा आणि माझं दार टाळून पुढे जायचा. शेजारच्या अर्लीनचं अंगण लख्ख झालं, माझा ढीग तसाच.

आज मी ट्रकला आडवीच गेले. "का रे, माझ्याच ढिगाला काटे आलेत का?"

लॉनी ड्रायव्हरने टोपी काढली. "मावशी, जवळ माणूस असलं की ट्रकचा पंजा खाली सोडता येत नाही. काकांना रोज सांगतोय, खुर्चीतून उठा म्हणून."

मी वळून पाहिलं. खुर्ची रिकामी होती. इतक्या दिवसांच्या उन्हात कडक वाळलेली. बैठक मात्र मधोमध दबली होती आणि खालून पाणी ठिबकत होतं.

"मग... काय म्हणतात?"

"म्हणतात, थांब जरा. आमची ही घर आवरतेय. झालं की येईलच."

मी घराकडे पाहिलं. आत आवरायचं काहीच उरलं नव्हतं.