काप्पाला न आवडणारी काकडी

तोमिए आजी नमस्कारासाठी कमरेत वाकली आणि समोर खडकावर बसलेला काप्पा, पोरांना नदीत ओढणारा तो जलराक्षस, तोही सवयीने वाकला. झालं! त्याच्या टाळूवरच्या वाटीतलं पाणी भसकन सांडलं.

“अहो मुरोईसान!” दिग्दर्शक पलीकडून ओरडला. “सकाळपासून तिसऱ्यांदा! पाणी सांडलं की काप्पाची ताकद जाते, हे शेंबडं पोरही सांगेल. आणि तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला वाकताय!”

“चुकलो, चुकलो,” म्हणत हिरव्या रबराच्या पोशाखातला नट मुरोई पुन्हा वाकणार होता, तेवढ्यात थांबला.

मुलांच्या सिनेमासाठी ही मंडळी आठवडाभर गावच्या नदीवर ठाण मांडून होती. तोमिए मात्र आपल्या कामाला आली होती. उन्हाळा लागला की पहिल्या काकडीवर घरातल्या लेकराचं नाव नि वय कोरायचं आणि ती नदीत सोडायची. मग काप्पा त्याची लाडकी काकडी घेतो, लेकराला हात लावत नाही. तोमिएच्या घरात आता लेकरू नव्हतं. तिच्या काकडीवर सत्तर वर्षं एकच नाव असायचं. शोहेई, वय पाच.

तिने ओंजळीने नदीचं पाणी आणून मुरोईच्या टाळूवरची वाटी भरली. “पाणी भरून देणाऱ्याशी काप्पाला खोटं बोलता येत नाही हं,” ती म्हणाली. “एक विचारायचंय.”

आत घामाघूम झालेला माणूस आहे, हे तिला दिसत होतं. ती काही खुळी नव्हती. पण दुसऱ्या कोणाला विचारणार?

“मी दहा वर्षांची होते. लढाई नुकतीच संपलेली, घरात दाणा नाही. आईने धाकट्याचं नाव कोरून काकडी हातात दिली, नदीत सोडून ये म्हणाली. मी वाटेतच खाल्ली. नावासकट. पाचव्या दिवशी आमचा शोहेई इथेच बुडाला. आईला मरेपर्यंत सांगितलं नाही मी.” “माझ्यामुळेच नेलास ना रे त्याला?”

रबरी चोचीमागून मुरोईचा आवाज आला.

“आजी, खरं सांगू? मला काकडी आवडतच नाही. लोक बिचारे सोडतात, मी आपली वाहू देतो. तुम्ही सोडली असती, तरी गेली असती वाहून.”

“अगंबाई,” तोमिए म्हणाली आणि मटकन गवतात बसली. डोळ्यांतलं पाणी तिने पुसलंसुद्धा नाही.

“चला, काकडीचा शॉट!” दिग्दर्शकाने हाक दिली. कोणीतरी टोपलीभर काकड्या आणून खडकावर ठेवल्या. काप्पाने त्यांवर अधाशासारखं तुटून पडायचं होतं. मुरोईने काठाकडे पाहिलं. आजी तिथेच बसली होती. त्याने टोपली बाजूला सारली.

“हा काप्पा काकडी खात नाही.”

“ऊन लागलं का तुम्हाला? काप्पा, आणि काकडी खात नाही?”

“नाही आवडत त्याला. माफ करा,” मुरोई म्हणाला आणि माफीसाठी कमरेत वाकला. वाटीतलं पाणी पुन्हा सांडलं.

दिग्दर्शकाने कपाळावर हात मारला.

काठावर तोमिएने मांडीवरची नाव कोरलेली काकडी उचलली. सत्तर वर्षांत तिने काकडीला तोंड लावलं नव्हतं. आज तिने ती मधोमध मोडली. नावाचा तुकडा हलकेच नदीत सोडला आणि उरलेला कुडूमकुडूम खाऊ लागली. काप्पाला नसेल आवडत. शोहेईला फार आवडायची.