फौजदाराची यादी

“अजून एकोणचाळीस!” पुतणी खुर्ची सरकवत म्हणाली. “काका, सव्वाचार वाजलेत. आता चहा नाही हं.”

“चहा मागितलाय कुणी?” काकांनी पडद्यावरची नजर हलवली नाही.

छत्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेला हा माणूस सोमवारपासून एका सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकेतल्या चुका काढत होता. पुतणीनंच शब्द टाकून त्यांना इथं आणलं होतं. मॅडमनी, म्हणजे विभागाच्या प्रमुखांनी, पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं: शुक्रवारी पाचला पुस्तिका ग्राहकांकडे जाणार. तोवर चुका शून्यावर आल्या तर नोकरी पक्की. नाहीतर नमस्कार.

“बाबा, सत्तरीत कसली परीक्षा देताय?” मुलगा घरी म्हणाला होता. काका डबा उचलून निघाले होते.

चुका सगळ्या एकाच जातीच्या. काही चिन्हं यंत्राला हुकूम वाटतात. ती वाचकाला जशीच्या तशी दिसायला हवी असतील, तर प्रत्येकाच्या आधी एक तिरपी रेघ द्यावी लागते. ती राहिली की यंत्र चिन्हच गिळून टाकतं आणि वाचकाच्या हाती अर्धवट सूचना पडते.

या चुका पकडणाऱ्या प्रोग्रॅमला सगळे ‘फौजदार’ म्हणत. तो सदोष ओळी तेवढ्या उचलायचा आणि यादीत मांडायचा, शेजारी धड्याचा आकडा. ओळीच्या मागचं-पुढचं काही दिसत नसे. सोमवारी यादीत नऊशे बारा ओळी होत्या.

“तीस!” पुतणीनं पुकारलं.

शेजारच्या टेबलांवरची माणसं उठून काकांच्या मागे येऊन उभी राहिली.

“सावकाश, काका,” कुणीतरी म्हणालं.

“सावकाश कसलं? हाणा, काका!”

काकांचे कान तापले होते. इतकी माणसं आपल्या कामाकडे बघताहेत, हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. बोटं आपोआप पळत होती. मधेच ती थांबली.

“अगं, या उरलेल्या सगळ्या सत्ताविसाव्या धड्यातल्याच आहेत. एकाच धड्यात इतक्या? लिहिणारा झोपेत होता की काय?”

“तो नोकरी सोडून गेला, काका. शेवटच्या दिवशी कसाबसा उरकला असेल.”

“अख्खं पान एकदा उघडून बघू का?”

“काका! पावणेपाच!”

छापखान्यात त्यांनी पूर्ण पान वाचल्याशिवाय साधा स्वल्पविरामही हलवला नव्हता. पण मागे हसऱ्या चेहऱ्यांची रांग होती. उगाच शंकेखोर म्हातारा ठरायचं, तेही आज? त्यांनी पुढची ओळ घेतली.

“सोळा... नऊ... चार! काका, एकच राहिली!”

शेवटची रेघ पडली. फौजदारानं क्षणभर विचार केला आणि पडद्यावर हिरवंगार शून्य उमटलं.

एकच गलका झाला. पुतणीनं काकांना मिठीच मारली. आवाज ऐकून मॅडम बाहेर आल्या, त्यांनी शून्य पाहिलं, मग घड्याळ. पाचला दोन मिनिटं कमी होती.

“तुमच्याच हातानं जाऊ द्या,” त्या म्हणाल्या.

काकांनी चष्मा पुसला, बटण दाबलं. पुस्तिका गेली.

“सोमवारी दहाला या. ही खुर्ची तुमची.”

काकांनी तिथूनच मुलाला फोन लावला. “पास झालो रे,” एवढंच म्हणाले. पलीकडून मुलगा मोठ्यानं हसला आणि म्हणाला, “घेऊन काय येऊ, सांगा!”

साडेपाचला पहिल्या ग्राहकाचं पत्र आलं. अजून कुणी घरी गेलं नव्हतं. मॅडमनी सगळ्यांना जवळ बोलावलं आणि उत्साहानं मोठ्यानं वाचायला घेतलं:

“‘पुस्तिका मिळाली. इतकी स्वच्छ पुस्तिका आजवर पाहिली नव्हती. एकच शंका आहे. सत्ताविसाव्या धड्याचं नाव आहे, “अशा चुका करू नका”. त्यातली एकूण एक उदाहरणं बरोबर आहेत. तर आम्ही नेमकं काय करायचं नाही?’”