हात वर न करता

कामगार संघटनेची निवडणूक यंदा पहिल्यांदाच मोबाइलवर होणार होती. गेल्या खेपेला भर सभेत ज्यांनी अध्यक्षांसाठी हात वर केला नव्हता, ते सगळे आज भट्टीवर राबताहेत.

इंटरनेटवर फुकट मिळणारं मतदानाचं सॉफ्टवेअर संघटनेपुरतं बदलून द्यायचं काम माझ्याकडे आलं. त्यात मत पडलं की मतदाराचं नाव आपोआप पुसलं जायचं.

"तेवढं पुसणं काढून टाक आणि विरोधकांची नावं माझ्या फोनवर येऊ देत," अध्यक्ष म्हणाले. "तुझे बाबा अजून आपल्याच कारखान्यात आहेत ना? दम्याचा त्रास आहे म्हणे त्यांना."

त्यांनी सांगितलं तसं मी केलं.

अध्यक्ष दणदणीत निवडून आले. सहाशे मतांत विरोधात फक्त एक.

घरी आले, तर बाबा कधी नव्हे ते शीळ घालत बसले होते. मला जवळ बोलावून हळूच म्हणाले,



"तीस वर्षं घाबरून हात वर केला गं. या वेळी म्हटलं, लेकीनं बनवलंय, आता कुणाच्या बापाला कळणार नाही!"