गुंडूच्या गळ्याची शपथ

डॉक्टर रंजिता यांनी स्टीलचा ट्रे टेबलावर ठेवला आणि आज आपण चष्मा घरी विसरलो असतो तर बरं झालं असतं, असं पद्माकररावांना वाटलं.

त्यांच्या कुत्र्याच्या, गुंडूच्या पोटातून निघालेला ऐवज होता तो. तुपाने पिवळ्या पडलेल्या प्लास्टिकच्या पाच पिशव्या, पीळ बसून एकमेकींत गुंतलेल्या. एकीवर कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याचा लाल मोर अजून शाबूत होता.

"आमच्याकडे दोन वर्षं गोड येतच नाही," अलकाताई म्हणाल्या. "ह्यांची शुगर आहे ना. उकिरड्यावर गेला असेल मेला."

डॉक्टर मूळच्या बेळगावच्या. "पहिल्या दिवशीच मी विचारलं होतं की आंटी, प्लास्टिक काय गिळलंय का म्हणून. अंकल नाही म्हणाले. स्वल्प आधी कळलं असतं तर बरं होतं. आतडं काळं पडायला लागलेलं. वाचला, त्याचं नशीब."

त्या दिवशी अलका शेजारीच उभी होती. सकाळच्या फेरीतला म्हैसूरपाक आणि बुटांच्या कपाटात कोंबलेल्या पिशव्या तिच्यादेखत कशा कबूल करायच्या? गुंडू दोन दिवस ओकत राहिला आणि छत्तीस वर्षं कारखान्यात इतरांच्या चुका लाल पेनाने दाखवणारा हा माणूस मूग गिळून बसला. आता त्यांना स्वतःचीच किळस आली.

अलकाताई मोराकडे बघत राहिल्या. गेल्या महिन्यात नवऱ्याच्या रुमालाला तुपाचा वास आला तेव्हा त्यांनी विचारलं होतं. पद्माकररावांनी पायाशी बसलेल्या गुंडूचा गळा चिमटीत धरून सांगितलं होतं, "ह्याच्या गळ्याची शपथ, शिवलोसुद्धा नाही."

"माझ्या गळ्याची घ्यायची होतीत," त्या हळूच म्हणाल्या. "मला निदान बोलता तरी येतं."

पद्माकररावांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

तेवढ्यात आतून गुंडूला आणलं. पोटाला पट्टी, चाल अडखळती. अलकाताईंना ओलांडून तो थेट पद्माकररावांकडे आला आणि रोजच्यासारखी मान वर करून, खाजवून घ्यायला त्याने गळा पुढे केला.

पद्माकररावांचा हात निम्म्यावर आला आणि तिथेच थांबला.