लाइन मोकळी

“उजवा डोळा झाका आणि चौथी ओळ वाचा,” डॉक्टर म्हणाले.

शमशुद्दीनला भिंतीवर एक पांढरा चौकोन दिसत होता. त्यात अक्षरे असतील अशी त्याची श्रद्धा होती, इतकेच. छोट्या लाइनीच्या वाफेच्या इंजिनावर अठ्ठावीस वर्षे काढलेला हा ड्रायव्हर डोळ्यांच्या तपासणीसाठी पुण्याला आला होता. नापास झाला की इंजिनावरून खाली. मग शेडमध्ये राख उपसायची, तीही कालपर्यंत सलाम करणाऱ्यांच्या देखत. त्यापेक्षा मेलेले बरे, असे त्याला अगदी मनापासून वाटत होते.

त्याने चार अक्षरे घडाघडा म्हटली. पाचवी ओळही म्हटली.

तक्ता पाठ होता. त्याच्याच इंजिनावरचा आगवाला भैरू याने डॉक्टरांच्या कंपाउंडरला बुधवार पेठेत मिसळ खाऊ घालून तो त्याच्याकडून कागदावर मोठ्या अक्षरांत उतरवून घेतला होता. आठवडाभर कोळसा टाकता टाकता भैरू मोठ्याने अक्षरे म्हणे आणि शमशुद्दीनकडूनही म्हणवून घेई. डोळ्यांचे शमशुद्दीनने कुणालाच सांगितले नव्हते. पण भैरूने ओळखले असणार, आणि ओळखूनही चकार शब्द काढला नाही, असे त्याला वाटे. माणसाने असे असावे.

गेले वर्षभर गाडी भैरूच्याच भरवशावर चालली होती. सिग्नल आला की आधी ड्रायव्हरने हाक द्यायची, आगवाल्याने आपल्या डोळ्यांनी बघून तीच हाक परत द्यायची, असा इंजिनावरचा नियम. शमशुद्दीन अंदाजाने “लाइन मोकळी” म्हणायचा आणि श्वास रोखून थांबायचा. भैरूचे “लाइन मोकळी” ऐकू आले की त्याच्या जिवात जीव यायचा. मागे डबे भरून माणसे असायची.

डॉक्टरांनी कागदावर ‘पास’ लिहिले.

बाहेर बाकावर भैरू आपल्या पाळीची वाट बघत बसला होता. शमशुद्दीनने त्याचे दोन्ही हात धरले. त्याला रडू आवरेना.

“भैरू, वर्षभर मला एकही सिग्नल दिसला नाही. तुझ्या डोळ्यांवर गाडी चालवली मी.”

आतून भैरूच्या नावाचा पुकारा झाला. तो उठला नाही. त्याच्या तोंडचे पाणी पळाले होते.

“उस्ताद,” तो हळूच म्हणाला, “भट्टीच्या जाळानं माझे डोळे कवाच गेल्यात. तक्ता मी माझ्यासाठीच आणला हुता. तुम्ही मोकळी म्हणताय म्हणून मी मोकळी म्हणत हुतो.”