एक चिठ्ठी, तीन दुकानं

बुद्धरत्न सोफ्याच्या अगदी कडेला बसला होता, मांडीवर टॅब. ज्या घरातलं माणूस गेलंय तिथे रेलून बसायचं नाही, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. अशी साठ-सत्तर घरं फिरून ते अंगी आलं होतं.

विजयश्रीबाईंनी पोह्यांच्या चार बश्या आणल्या. "खा आधी. आमच्याकडे एकट्यानं खायचं नाही, ह्यांचा नियम. कुठलीही शिफ्ट असो, एक वेळ चौघांनी एकत्र जेवायचं, टीव्ही बंद. सुमेधा, तुमच्या ऑफिसात सगळे असेच वाळलेले का गं?"

"काकू, दर घरी खाल्लं तर जिने चढवणार नाहीत मला," बुद्धरत्न म्हणाला.

त्यांची लेक सुमेधा हसली नाही. दवाखाने, रुग्णवाहिका, औषधांची दुकानं, सगळ्यांकडच्या सुट्या नोंदी एका जागी आणायच्या आणि त्यातल्या एकाच माणसाच्या कुठल्या ते जुळवायचं, हे तिचं रोजचं काम. दुखण्यावरच्या गोळ्या जास्त होऊन माणसं कशी जातात, हे त्यावरून संशोधकांना कळणार होतं. आपल्या घरातल्या नोंदीला मात्र हात लावायचा नाही, असा नियम होता. म्हणून आज बुद्धरत्न आला होता.

बाबांच्या मृत्यूच्या दाखल्यावर हृदयविकार लिहिलं होतं. ते खरं नाही, हे सुमेधाला आठ महिने माहीत होतं. तिनं पिंपरीतून आणून दिलेली दहा गोळ्यांची पट्टी तिसऱ्याच दिवशी त्यांच्या डब्याच्या पिशवीत रिकामी सापडली होती. ते गेल्यावर. आज ती हे आईसमोर सांगणार होती. आईनं पुन्हा तोंड पाहिलं नाही तरी.

"लिहा, झोपेत झटका आला," सुमेधाचा धाकटा भाऊ केयूर म्हणाला. "गेलेल्या माणसाचंही केवायसी लागतं का हो?"

"केयूर," आई म्हणाली.

"काकांची कंबर दुखायची ना?" बुद्धरत्ननं शांतपणे विचारलं.

"सव्वीस वर्षं चाकणला कारखान्यात प्रेस मशीनवर उभे होते," आई म्हणाली. " सुट्टी घ्या म्हटलं की म्हणायचे, रिटायर झाल्यावर आडवंच व्हायचंय."

बुद्धरत्ननं स्क्रीन सरकवली. "डॉक्टरांची चिठ्ठी एकच आहे. दहा गोळ्यांची. पण त्याच आठवड्यात ती तीन दुकानांत दाखवलेली दिसते. पिंपरी, काळेवाडी, पुनावळे. तेव्हा एका दुकानाचं दुसऱ्याला कळायला मार्ग नव्हता. आता कळलं असतं, पण..." त्यानं पुढचं सोडून दिलं.

"तीन कशी?" सुमेधा म्हणाली. "एकच. पिंपरीची. मी आणलेली." ती आईकडे न बघता बोलत राहिली. "बाबांनी चिठ्ठीचा फोटो पाठवला होता. आईला सांगू नको म्हणाले, उगाच घोर लावून घेईल."

ती वाट पाहत राहिली.

केयूरनं बशी खाली ठेवली. "पुनावळ्याची मी आणली, ताई. आमच्या साइटसमोरच्या मेडिकलमधून. तुला सांगू नको म्हणाले. तू हात धरून दवाखान्यात नेशील म्हणून."

विजयश्रीबाई उठून आत गेल्या. डब्याचं झाकण वाजलं. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातावर साबुदाण्याची पांढरी पूड होती आणि मुठीत एक पट्टी. त्यांनी ती टीपॉयवर ठेवली. तीन गोळ्या शिल्लक होत्या.

"काळेवाडीची, इथल्या खालच्या दुकानातली. पोरांना कळता कामा नये, अशी शपथ घातली होती मला. त्या दिवशी सकाळी त्यांच्या उशाखाली होती. डॉक्टर वर यायच्या आधी मी काढून घेतली."

कुकरच्या शिट्टीसारखा खालून कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजला आणि थांबला.

बुद्धरत्ननं घसा साफ केला. "काकू, गोळ्या कुणी आणून दिल्या, याला फॉर्ममध्ये एकच रकाना आहे."

पोहे गार झाले होते. विजयश्रीबाईंनी एकेक बशी एकावर एक ठेवली, चारही, आणि उचलायच्या ऐवजी हात तसाच वर ठेवून बसून राहिल्या.

"सुमेधा," त्या म्हणाल्या, "रोज एक वेळ आपण एकत्रच जेवत होतो ना गं?"